झडती बेकायदा, पुरावा मात्र ग्राह्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फौजदारी कायद्यात नाक का खुपसावे, असे काही प्राध्यापक म्हणतील. परंतु ज्या निकालाविषयी मी लिहीत आहे तो आयकराच्या धाडीतूनच उद्भवला. 'पूरणमल विरुद्ध डायरेक्टर ऑफ इन्स्पेक्शन' या खटल्यात डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरविले की, झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. तो खटल्याशी संबद्ध आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. सर्वसाधारण नियम आजही हाच आहे.

आता कायदा पोलिसांना काय बजावतो ते पाहा. वॉरंट आणण्याइतका अवधी नसेल तर तपासी अधिकाऱ्याला त्यावाचूनही झडती घेता येते. पण तत्पूर्वी आपल्या समजुतीची कारणे व शोधावयाची वस्तू त्याने लेखी नोंदविली पाहिजे. पूर्वी हे कलम १६५ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १८५ झाले. कारणांची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे, त्या भागातील दोन प्रतिष्ठित पंच हवेत, आणि आता झडतीचे चित्रणही हवे. तरतूद उत्तम! मात्र यातले काहीच केले नाही तर? न्यायालय तो पुरावा जरा अधिक काळजीने तपासते, इतकेच. व्हाउचर नाही असा शेरा मारून रक्कम मात्र मंजूर करणाऱ्या हिशेबतपासनिसाला आपण काय म्हणू? दुसऱ्या वर्षापासून व्हाउचर ठेवतो कोण!

माझे गाव तलमडुगु, आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू; झडतीला तेलुगूत 'सोदा' म्हणतात, आणि मराठी कानाला तो हटकून 'सौदा' ऐकू येतो. तेलंगणात गेली काही वर्षे 'कॉर्डन सर्च' नावाचा प्रकार रूढ झाला आहे. पहाटे वस्तीला वेढा घालायचा, घरोघर तपासणी करायची, कागद नसलेल्या मोटारसायकली उचलायच्या. कायदा एका ठिकाणाविषयी, एका वस्तूविषयी लेखी कारण मागतो. अख्ख्या वस्तीविषयी कोणते कारण लिहिणार? ऑक्टोबर २०२१ मध्ये तर हैदराबादेत गांजाच्या शोधार्थ रस्त्यावर माणसे थांबवून त्यांच्या मोबाइलमधले संदेश वाचले गेले. असे वेढे बंगल्यांच्या कॉलनीला पडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, शिपायाच्या चुकीपायी चोर का सुटावा? आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळला जाऊ लागला, आणि त्याने खरे गुन्हेगारही सुटतात अशी तक्रार तेथे आहेच. पण आपल्याकडेही गांजा-अफूच्या अंगझडतीत आरोपीला राजपत्रित अधिकारी वा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क सांगितला नाही, तर सापडलेला माल त्याच्याकडे होता हे त्या झडतीवरून सिद्ध धरता येत नाही. हे १९९९ मध्ये बलदेवसिंग खटल्यात घटनापीठानेच ठरविले. खिशातल्या पुडीला जे संरक्षण, ते घराच्या उंबरठ्याला का नसावे?

मधला मार्ग विधी आयोगाने १९८३ च्या चौऱ्याण्णवाव्या अहवालात दाखविला होता. पुरावा सरसकट वगळू नये, सरसकट घेऊही नये. गुन्हा किती गंभीर, नियम जाणूनबुजून मोडला की नकळत, माणसाच्या प्रतिष्ठेला किती धक्का लागला, हे पाहून न्यायाधीशाने ठरवावे. मला हे पटते. २०२३ मध्ये पुराव्याचा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हा ही सूचना त्यात घालण्याची आयती संधी होती. ती घातली गेली नाही.

आणखी एक. पूरणमल निकालाने ज्यांचा आधार घेतला त्यांत केनियातल्या आणीबाणीचा १९५५ चा कुरुमा खटला आहे. झडतीचा अधिकार नसलेल्या कनिष्ठ पोलिसांनी सायकलवरून जाणाऱ्या माणसाजवळ दोन काडतुसे सापडल्याचे सांगितले, त्याला फाशीची शिक्षा झाली, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो पुरावा चालतो म्हटले. दुसरा आधार १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल, खाजगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, असे त्यात म्हटले होते. ते मत ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी रद्द केले. एक आधार परक्या साम्राज्याचा, दुसरा आपल्याच न्यायालयाने मोडीत काढलेला. तेव्हा १९७३ चा हिशेब पुन्हा तपासायला मोठे घटनापीठ बसले पाहिजे, ही मागणी वकिलांनी तरी आता लावून धरावी.