पुडी फेकू नका, रिपोर्ट मागा



गेल्या पर्युषणात आमच्या वन्सं आठ दिवस दवाखान्यात होत्या. गुडघेदुखीवर त्या ओळखीतल्या एका बाईंकडून ‘शुद्ध वनौषधी’ चूर्ण घेत. आठवड्यात गुडघे हलके झाले म्हणून सहा महिने घेतले. चेहरा गोल झाला, तेव्हा आम्हीच म्हणालो, तब्येत सुधारली. पुढे अठ्ठम धरले म्हणून चूर्ण एकदम बंद केले. दुसऱ्या दिवसापासून गळाठा, उलट्या. उपवासाने होत असेल म्हणून आम्ही वेळ काढला. रक्तदाब पार खाली गेला तेव्हा धावलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “चूर्णाची पुडी आहे का?”

पुडी मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकली होती. रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरांना चूर्णात स्टेरॉइड असल्याचा संशय आला, पण सिद्ध करायला चिमूटभरही उरले नव्हते. त्या बाई आजही चूर्ण विकतात.

तेव्हा “वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?” हे वाक्य आपण बायकांनी आता तोंडातून काढू नये. वनस्पतीने अपाय होतो की नाही हा पुढचा प्रश्न. पुडीत वनस्पतीच आहे, आणि तीच आहे, हे कशावरून?

आपण पाणी गाळून पितो, धान्य दाणा दाणा निवडतो, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचे, नाही ना, हेही आता काहीजणी विचारतात. चांगलेच आहे. पण हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. आत स्टेरॉइड नाही, शिसे नाही, असे तो सांगत नाही. परवान्याचा नंबरही ते सांगत नाही. गाडी चालवायचा परवाना आहे म्हणून माणूस रोज नीट चालवतो का?

करोनाचे दिवस आठवा. आपल्याकडे झाडावर चढलेली गुळवेल घरोघरी उकळत होती. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतलेली. २०२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेलीच नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल आहे, तिची गल्लत झाली असेल, असे सांगितले गेले. पुढच्या वर्षी देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हाती लागलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणी करून घेतली होती. कोण बरोबर, यात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की पेल्यात काय होते, हे आधी कोणी पाहिले नव्हते. आमच्या पुडीचीच गोष्ट.

आपल्या जवळचे उदाहरण अशोकाचे. बायकांच्या तक्रारींवरचे औषध सीतेच्या अशोकाच्या सालीचे. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो अशोक निराळा. पण त्याची साल औषधाच्या सालीत मिसळली जाते, आणि एकदा कुटली की डोळ्याला फरक कळत नाही.

प्रयोगशाळेला मात्र कळतो. लहानपणी टीपकागदावर शाईचा ठिपका ओला केला की त्यातले रंग वेगळे होत वर चढत, तसेच हे. चूर्णाच्या अर्काचा ठिपका सिलिकाच्या पट्टीवर ठेवतात, द्रावण वर चढते, घटकांचे पट्टे सुटे होतात. शेजारी अस्सल वनस्पतीचे पट्टे असतात, ते ताडून पाहायचे. या तपासणीला एचपीटीएलसी म्हणतात. लपवलेले स्टेरॉइड पकडायला त्याहून बारीक यंत्र लागते, ते रेणूचे वस्तुमानच मोजते.

पण मेख अशी की प्रयोगशाळा विचारले तेवढेच सांगते. मध आपण खात नाही, धडा मात्र घेऊ. २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासले. नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक उतरले. जर्मनीत एनएमआर चाचणी केली तेव्हा सगळ्या चाचण्यांना पुरे पडले फक्त तीन. नुसते ‘लॅब टेस्टेड’ छापलेले पाहून भुलू नका. कशासाठी तपासले आणि कुठल्या बॅचचे, ते विचारा. मी बी.कॉम. बाई. व्हाउचरवर तारीख नि नंबर नसेल तर ते व्हाउचर मी धरत नाही.

“तुम्ही आयुर्वेदाच्या विरुद्ध बोलता,” असे मला मंडळात ऐकवले गेले. उलट आहे. जुने वैद्य वनस्पती स्वतः ओळखून, समोर कुटून देत. त्यांच्या नावावर बेनामी पुड्या खपवणारेच आयुर्वेदाचे वैरी.

कायदा आपल्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार अन्नपदार्थ म्हणून विकले जाणारे पूरक कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. मात्र तपासून घेणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावे लागते. अहवाल चौदा दिवसांत मिळायला हवा, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. एकटीला फी जड वाटली तर दहाजणींनी वर्गणी काढावी. साडीवर फॉल लावायला आपण याहून जास्त घासाघीस करतो.

तोवर तीन गोष्टी पाळू. बिल नसेल तर घ्यायचे नाही. बॅचचा रिपोर्ट नसेल तर घ्यायचे नाही. आणि घेतलेच तर पुडी संपेपर्यंत नव्हे, संपल्यावरही वर्षभर चमचाभर चूर्ण वेष्टनासकट जपून ठेवायचे.

ओळखीतल्या बाईला रिपोर्ट मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मलाही वाटला होता, म्हणून वन्संनी आठ दिवस सलाइन घेतले. या लिहिण्याने कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण रिपोर्ट मागाच.