ऐंशी टक्के, पण कशाचे?

आठवड्यातले तीन दिवस मी उंब्रजच्या घरूनच काम करतो. पुण्यातली ज्यांची नोकरी करतो ती कंपनी पतसंस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. (व्याजाचा हिशेब करणाऱ्या कोडवर माझी रोजीरोटी चालते, यावरून आमच्या मोहल्ल्यात एक वेगळा वाद होऊ शकतो. तो पुन्हा कधीतरी.) २०२४ च्या एप्रिलमध्ये एका कॉलवर मी जरा जास्तच मोठ्याने बोललो. कॉल संपल्यावर शेजारचे ऊसवाले काका ओट्यावरून म्हणाले, "काय रं इंजिनेर, कसल्या टक्क्यांवरनं एवढं भांडान?" मी म्हटलं, "काका, तुमच्या साखर उताऱ्यासारखंच आहे." त्यांनी लगेच विचारलं, "मग काटा कुणाचा?"

हा प्रश्न आमच्या कंपनीत तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आणि काटा बसवणारा मीच होतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण कोड लिहितो, मग तो तपासायला दुसरा कोड लिहितो; त्याला चाचणी म्हणतात. चाचण्या चालल्या की मूळ कोडच्या किती ओळींना स्पर्श झाला ते मोजणारी साधनं असतात. जावाच्या जगात सगळ्यात चलनी साधन म्हणजे जाकोको. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली लाल, आणि वर एक टक्का. त्याला कव्हरेज म्हणतात. ओळ चालली एवढंच तो सांगतो. चालून उत्तर बरोबर आलं का, हे तो सांगत नाही. सांगू शकतच नाही.

आता खरी गोम. मोठं सॉफ्टवेअर एका तुकड्यात नसतं. आमचं चौदा मॉड्यूलांचं आहे: खाती, ठेवी, व्याज, पावत्या, एसएमएस वगैरे. जाकोकोचा नेहमीचा अहवाल प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा निघतो, आणि त्यात फक्त त्याच मॉड्यूलचे वर्ग धरले जातात. व्याजाच्या चाचण्यांना खाती आणि कॅलेंडर दोन्ही लागतात, म्हणून आम्ही त्या एका वेगळ्या, सगळं जोडून तपासणाऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवल्या होत्या. तिथे व्याजाचा कोड रोज पिंजून निघत होता. पण व्याजाच्या स्वतःच्या अहवालात आकडा होता २२ टक्के. दुसरीकडे एसएमएसच्या मॉड्यूलला एकही चाचणी नव्हती. चाचणी नाही म्हणून नोंदीची फाइल नाही, फाइल नाही म्हणून जाकोको एक ओळ लिहून अहवालच गाळतो. म्हणजे जो रोज कसून तपासला जातो तो नापास, आणि जो परीक्षेला बसलाच नाही त्याचं यादीत नावच नाही. अशी आणखी दोन मॉड्यूलं होती. उरलेल्या अकरांचे टक्के बेरीज करून अकराने भागले जायचे आणि ८४ हा आकडा दर महिन्याला पडद्यावर झळकायचा.

कारखान्यालासुद्धा असा हिशेब खपणार नाही. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि तो उतारा एकूण साखर भागिले एकूण गाळप असा निघतो. दर पाळीचे टक्के काढून त्यांची सरासरी कुणी धरत नाही, कारण एका पाळीत शंभर टन गाळप असेल आणि दुसरीत हजार. आमच्याकडे चाळीस ओळींचं मॉड्यूल आणि नऊ हजार ओळींचं मॉड्यूल एकाच पारड्यात.

हे सगळं मला माहीत होतं. जाकोकोमध्ये ०.७.७ आवृत्तीपासून सगळ्या मॉड्यूलांचा एकत्र अहवाल काढायची सोय आहे. एक वेगळं रिकामं मॉड्यूल करायचं, त्यात बाकी सगळ्यांना अवलंबन म्हणून जोडायचं, आणि ते बिल्डमध्ये शेवटी चालवायचं. ग्रेडल वापरणाऱ्यांना ७.४ पासून त्याचं तयार प्लगइन मिळतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते 'पुढच्या स्प्रिंटला' ढकलत राहिलो, कारण ८४ वर सगळे खूश होते.

व्याजाचं मॉड्यूल ज्या मुलीकडे होतं तिचं नोकरीचं दुसरं वर्ष. २०२३ च्या डिसेंबरात तिच्या मूल्यमापनात शेरा आला: चाचण्यांकडे दुर्लक्ष, आकडा ८० वर न्यावा. तिने मला सांगितलं की तिला त्या आठवड्यात लीप वर्षाच्या चाचण्या लिहायच्या होत्या, फेब्रुवारी तोंडावर आहे म्हणून. मी म्हणालो, आधी आकडा दे. तिने दिला. आठ दिवसांत २२ चे ८३ केले. कसे, ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: प्रत्येक फंक्शनला हाक मारायची, ते काय उत्तर देतं ते विचारायचंच नाही. ओळ चालली, हिरवी झाली. तिला मी दोष देत नाही. दांडी मारायला आम्हीच शिकवलं आणि हजेरीपत्रकावर सहीही आम्हीच केली.

मार्चमध्ये एका गावच्या पतसंस्थेत एका बाईंनी मुदतीआधी ठेव मोडली. २९ फेब्रुवारीचा दिवस हिशेबातून गळला होता. सात टक्क्यांनी लाखावर एका दिवसाचं व्याज १९ रुपये १८ पैसे. बाईंनी ते वहीत मांडून पाहिलं आणि काउंटरवर वही ठेवली. एकोणीस इथे खाल्ले तर बाकी कुठे कुठे, असा त्यांचा सवाल. शिव्या खाल्ल्या त्या काउंटरवरच्या कारकुनाने. पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या ऐकून ज्यांची झोप उडालेली असते, त्यांना एकोणीस रुपये लहान वाटत नाहीत.

आणि चुकीची ओळ? हिरवीगार. त्या एप्रिलच्या कॉलवर वरिष्ठ हेच विचारत होते: मॉड्यूल ८३ टक्के आहे, मग चूक आली कशी?

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की आकड्याचा धाक नसेल तर कुणी चाचण्याच लिहिणार नाही. मला तो पटत नाही. विमानाच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त धाक कुठे असेल? तिथल्या डीओ-१७८बी या १९९२ च्या मानकात कव्हरेजची अट आमच्यापेक्षा कितीतरी कडक आहे. पण तिथे चाचण्या निघतात त्या विमानाने काय करायला हवं या गरजांमधून. कव्हरेज नंतर मोजतात, गरजांमधून निघालेल्या चाचण्यांनी कोडचा कुठला भाग शिवलाच नाही ते शोधायला. म्हणजे तिथे कामाचा असतो लाल रंग. आम्ही हिरव्याचा बोनस लावला.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. एकेका मॉड्यूलचा टक्का कुणाच्याही मूल्यमापनात घालू नका. ग्राहकाला दाखवायचा तर एकत्र अहवाल दाखवा, आणि त्यातून काय काय वगळलंय ती यादी त्याच पानावर छापा. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी आकडा दाखवूच नये.

त्या कॉलनंतर मी तो अर्धा दिवस काढला. (प्रत्यक्षात दीड दिवस गेला. वर्ग पुन्हा संकलित झाले आणि बदलले की जाकोकोला जुनी नोंद ओळखू येत नाही, त्यात एक संध्याकाळ गेली.) एसएमएससकट तिन्ही गायब मॉड्यूलं हजर झाली आणि ८४ चे ६७ झाले. दुसऱ्या दिवशी पहिला मेल आला: कव्हरेज कुणी घालवलं?

मी उत्तर दिलं, माझं नाव लिहा. मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये तो रकाना अजून आहे. माझ्या टीमच्या फॉर्मांवर मी तो कोरा सोडतो, आणि दर वेळी तो भरण्यासाठी परत येतो.

त्या मुलीने मे महिन्यात लीप वर्षाच्या चाचण्या लिहिल्या आणि चूक दुरुस्त केली. तीन दिवस लागले. व्याजाच्या मॉड्यूलचा टक्का होता तिथेच राहिला, त्या ओळी आधीच हिरव्या होत्या.