हेदवीची सहल, आतेच्या चालीने



सुट्टीत गावी जायचे म्हटले की घराघरात सहलीचे बेत शिजू लागतात. कोण कोण येणार, डबा काय न्यायचा, गाडी किती वाजताची, सगळे ठरते. एकच गोष्ट कोणी ठरवत नाही, ती म्हणजे चालायचे कोणाच्या चालीने. आणि ती ठरवली नाही की चाल आपोआप सर्वांत तरुण पोरांची होते. आजी, आते, नुकतीच बाळंतपणातून उठलेली सून, दमा असलेला भाऊ हे सगळे कुठेतरी कट्ट्यावर बसून राहतात.

आमच्या घरात हे घडले आहे, म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही अकराजण गुहागर तालुक्यातल्या हेदवीला गेलो होतो. आमची आते तेव्हा ७१ वर्षांची. परळच्या चाळीत चौथ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा चढवून तिचे गुडघे कामातून गेलेले. किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापाशी आलो आणि पोरे बामणघळ बघायला सुटली. आते म्हणाली, "माझं काय, मी बसते हितंच. तुम्ही या जाऊन." आम्हीही गेलो. घळ पाहिली, मग पोरांनी सडा चढायचा हट्ट धरला. परत आलो तेव्हा अडीच तास उलटले होते. सावली सरकून आतेच्या अंगावर ऊन आले होते आणि पाण्याची बाटली आमच्या पिशवीत राहिली होती.

एवढ्यावर भागले नव्हते. घळीपाशी एक लाट अंगावर येऊन माझा भाचा घसरला होता. गुडघा सोलवटून निघाला, थोडक्यात बचावला. ते पाहून आते म्हणाली, "आज पुनव. पुनवेच्या उधाणाला साडेनऊच्या पुढं घळीवर कोण जातं? मला विचारायचंत." तिचे लहानपण शेजारच्याच बौद्धवाडीत गेलेले. याच खडकांवर ती आईबरोबर कालवे काढायला येत असे. ज्या एका माणसाला हा किनारा पाठ होता, त्याच माणसाला आम्ही कट्ट्यावर बसवून गेलो होतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा हेदवीला गेलो, या वेळी आतेला विचारून. तो बेत इथे देते. आपापल्या घरातल्या माणसांप्रमाणे त्यात फरक करून घ्या.

आधी भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे भरती सव्वाअकराला, आणि तीही उधाणाची, सर्वांत मोठी. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून किनाऱ्यावर गावातल्या माणसाला एकदा विचारावेच. पण तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते, त्यामुळे दिवस मुंबईत बसूनही ठरवता येतो.

आम्ही चतुर्थीचा दिवस धरला. सकाळी ओहोटी, दुपारनंतर भरती. म्हणजे थंड वेळेला चालायला ओली, घट्ट वाळू मिळते आणि घळ पाहायची ती दुपारी.

पहिली फेरी सर्वांची. सकाळी आठला पाण्याच्या कडेने ओल्या वाळूवर चालायचे. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघेदुखीवाल्याला ती फार जड जाते. ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, पण मऊ. पुढे आते, बाकीचे तिच्या मागे. दहा मिनिटे चाल, पाच मिनिटे बसणे. आम्ही घरची घडीची खुर्ची नेली होती, ती पोरांनी आळीपाळीने उचलली. आते अशी चाळीस मिनिटे चालली. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र वाळूतही अनवाणी चालू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, शिंपल्याने कापले तरी कळत नाही. त्यांनी उपाशीपोटीही निघू नये.

दुसरी फेरी मध्यम चालीच्या माणसांची. हेदवीच्या वाडीतून, नारळी-पोफळीच्या सावलीतून चालत जायचे. दशभुज गणेशाच्या देवळामुळे हे गाव लोकांना माहीत आहे. ते देऊळ डोंगराच्या उतारावर आहे आणि तिथवर गाडीचा रस्ता जातो. देवळात जायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण चढाचा रस्ता चालायला चांगला आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबायचे. रक्तदाब आणि हृदयाच्या माणसांनी ही खूण लक्षात ठेवावी. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सहल तिथेच थांबवून डॉक्टरकडे जायचे. आणि गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जास्त सोसावे लागते, म्हणून काठी उतरताना हातात हवी.

तिसरी फेरी धडधाकट पोरापोरींची. जांभ्या दगडाच्या सड्यावर चढून जायचे. वर गेल्यावर सपाटी आणि समोर समुद्र. पण वर सावली नाही आणि पाणीही नाही. वाट गावकऱ्याला विचारून घ्यावी, माणशी एक लिटर पाणी न्यावे, आणि ऊन चढायच्या आत खाली यावे. त्या वेळेत बाकीच्यांनी सावलीत बसून जेवणाची मांडामांड करावी. यात एक नियम आमच्या घरी ठरला आहे. खाली बसलेल्या माणसांजवळ एक धडधाकट माणूस, पाणी आणि छत्री राहिलीच पाहिजे. आणि दर वेळी ते माणूस घरची सूनच असेल असे नाही. या वेळी माझा भाऊ राहिला आणि त्यानेच कोकम सरबत केले.

जेवून, विसावा घेऊन साडेतीनला बामणघळ. काळ्या खडकाला पडलेली ही अरुंद भेग. दगडाच्या ठिसूळ जागेवर लाटांचे घाव बसून ती कोरली गेली. भरतीला पाणी भेगेत कोंडते आणि मोठा आवाज करून माणसापेक्षा उंच उसळते. हे दृश्य लांबूनच पाहायचे. खडकावर शेवाळ असते, आणि सात लाटा लहान आल्या म्हणून आठवी लहान येईलच असे नाही. खडक ओला दिसला की तिथपर्यंत पाणी येते असे समजून मागे थांबावे. फोटोसाठी कडेला जाणाऱ्याला मोठ्यांनी हात धरून मागे आणावे. पावसाळ्यात तर तिकडे जाऊच नये. आते देवळाजवळ बसली आणि तिथूनच तिने घळीचा आवाज ऐकला. पोरांनी मागे किती अंतरावर उभे राहायचे ते या वेळी तिने सांगितले, आणि पोरांनी ऐकले.

ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठीही एक वाट आहे. हेदवीच्या दक्षिणेला तवसाळहून खाडीपलीकडे जयगडला फेरीबोट जाते. बसल्या जागी खाडीचा वारा मिळतो.

येण्याजाण्याचे : कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर. गुहागरहून हेदवी साधारण २४-२५ किलोमीटर. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट, आणि २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

मुंबईकरांनी महिनाभर आधी सराव करावा. भायखळ्याची राणीची बाग आहे, दादरचे शिवाजी पार्क आहे, रोज अर्धा तास सपाटीवर चालावे. मग एका रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीला जावे. सोमवारी ते बंद असते. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, पण मोठे चैत्यगृह, म्हणजे तिसरे लेणे, खालीच आहे. गुडघेवाल्यांनी तिथे शांत बसावे, वरच्या पायऱ्या इतरांनी चढाव्यात. कोणाला किती झेपते हे तिथेच कळते.

शेवटी एक सांगावेसे वाटते. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी हातात घेतले. पुढे घटनेच्या कलम १५ मध्ये लिहिले गेले की विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या सार्वजनिक जागा यांपासून जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. तो हक्क आमच्या आतेचाही आहे. बाहेरच्याने तिला अडवले तर आपण भांडू. मग आपल्याच घाईने ती कट्ट्यावर बसून राहत असेल, तर भांडायचे कोणाशी?

परतताना एसटीत आते म्हणाली, "पुढच्या टायमाला वेळणेश्वर. तिथी मी बघते."

सप्रेम जयभीम.