स्वप्नातला टीव्ही

टीव्हीने आपल्या स्वप्नांचाही कब्जा घेतला आहे, हे वाक्य मी चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकले आहे की हल्ली ते सुरू झाले की माझी नजर चहाच्या टेबलाकडे वळते. वाक्य उच्चारणाऱ्यांची तळमळ खोटी असते असे मला म्हणायचे नाही. पण त्यांच्यापैकी एकानेही आजवर स्वतःला पडलेले टीव्हीचे एखादे स्वप्न सांगितल्याचे मला आठवत नाही. बिघडलेली असतात ती नेहमी दुसऱ्यांची स्वप्ने: गृहिणींची, ग्रामीण तरुणांची, 'नव्या पिढी'ची. तेव्हा हा आक्षेप तपासायचा तर निदान एक स्वप्न समोर हवे, आणि दुसऱ्याचे स्वप्न ऐकण्याइतके कंटाळवाणे काही नसते हे ठाऊक असूनही मी माझेच सांगते.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदी होती, आणि २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' पुन्हा दाखवले जात होते. आमच्या घरीही ते रोज लागत असे. त्या दिवसांत कधीतरी पहाटे हे स्वप्न पडले. तालुक्याच्या गावातले आमचे जुने घर, बाहेरची खोली. शेजारपाजारची माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली. लाकडी सरकत्या दारांचा टीव्ही, आणि त्याच्यावर नुसत्या मुंग्या. अण्णा वर गच्चीत अँटेना फिरवत आहेत आणि मी खिडकीत उभी आहे. आत पडद्याकडे पाहायचे आणि बाहेर तोंड काढून वर ओरडून सांगायचे, हे माझे काम. वरून अण्णांचा आवाज येतो, "आलं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडते, पण पडद्यावर दिसते आहे ते चित्र आहे की मुंग्याच आहेत, हे मला ठरवता येत नाही. खोलीतले कोणी काही बोलत नाही. पुन्हा वरून, "आलं का?" इथे जाग आली. अण्णा २००३ साली गेले.

याचा पहिला अर्थ सोपा आहे आणि तो चुकीचाही नाही. दिवसभरातल्या ताज्या अनुभवांचे तुकडे स्वप्नाच्या बांधकामात वापरले जातात, असे फ्रॉइडने सांगून शतक उलटून गेले. संध्याकाळी 'रामायण' पाहिले, पहाटे टीव्ही दिसला, हिशेब मिटला. पण मग त्या स्वप्नात राम कुठे आहे? सीता, लक्ष्मण, ते एकमेकांवर आदळणारे बाण, ते संथ संवाद, काहीच आलेले नाही. जे डोळ्यांनी पाहिले त्यातली एक चौकट स्वप्नाने उचलली नाही. उचलले ते पाहण्याच्या आधीचे: अँटेना, मुंग्या, खिडकी, आणि उत्तराची वाट पाहणारे वरचे माणूस.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. वैद्याला त्यातले शेवटचे दोन महत्त्वाचे. आधीचे पाच निष्फळ म्हणून तो बाजूला ठेवतो. साहित्याच्या माणसाने मात्र नेमके त्या निष्फळांपाशी थांबावे. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले अशी तीन वेगळी दालने चरकाने केली, आणि टीव्ही यांतल्या कोणत्या दालनात ठेवायचा हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. पडद्यावरचे युद्ध आपण पाहतो. ते आपण अनुभवत नाही. ते दृष्ट आहे, अनुभूत नाही. पण टीव्ही पाहणे ही कृती, त्या खोलीत त्या माणसांबरोबर बसणे, हा पूर्ण अर्थाने अनुभव असतो. टीव्हीचे स्वप्न म्हणताना आपण पहिल्याबद्दल बोलतो आणि स्वप्न बहुधा दुसऱ्याचे पडलेले असते.

आता 'श्रुत'. संत बहिणाबाईंनी तुकारामांना पाहिलेले नव्हते. कोल्हापूरच्या मुक्कामात त्यांनी कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले, त्यांचा ध्यास घेतला, आणि स्वप्नात तुकारामांनी येऊन त्यांच्यावर अनुग्रह केला. देहूला प्रत्यक्ष दर्शन झाले ते नंतर. म्हणजे केवळ शब्दांवरून माणूस उभा राहिला. खुद्द तुकारामांनाही गुरूपदेश स्वप्नातच झाला. आणि तो प्रसंग सांगताना त्यांनी एक तपशील दिला आहे, ज्याच्याकडे भाविक वाचक घाईने पुढे सरकतो. गुरूने जेवणासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. उपदेशासारखी मोठी घटना घडत असताना मधेच हे तूप कुठून आले? माझ्या मते त्या अभंगाची सारी खात्री त्या तुपात आहे. रचून सांगितलेल्या दृष्टांतात तेज असते, पुष्पवृष्टी असते. मागितलेले आणि द्यायचे राहून गेलेले तूप नसते.

टीव्हीविरोधकांचा मुद्दा इथे नीट मांडता येतो. बहिणाबाईंना चेहरा स्वतः घडवावा लागला. आपल्याला तो तयार मिळतो. हे खरे आहे, पण याची सुरुवात टीव्हीने केलेली नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे घरोघरच्या भिंतींवर ठरून गेले. त्या पिढीच्या स्वप्नातली सरस्वती रविवर्म्याची साडी नेसून आली असेल तर नवल नाही. १९८७-८८ मध्ये रामाचा चेहरा अरुण गोविलचा झाला, एवढाच फरक. लोक रविवारी सकाळी आंघोळी करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसत. 'दूरदर्शन' या नावातले 'दर्शन' त्या दीड वर्षात शब्दशः घेतले गेले. (दूरचित्रवाणी हा मराठी शब्द सरकारी परिपत्रकांत सुखाने नांदतो, तो कोणाच्या स्वप्नात येत असेल असे वाटत नाही.)

माझ्या आईच्या स्वप्नात त्या काळात एकदा राम आला होता. चेहरा गोविलचाच होता, हे ती बिनदिक्कत सांगे. पण तो आमच्या स्वैपाकघरात पाटावर बसला होता, आणि त्याने ताक मागितले, आणि आईने विरजणच लावलेले नव्हते. ही चुटपुट तिला दिवसभर पुरली होती. टीव्हीवरचा राम काही तिच्याकडे बघून बोलत नव्हता. त्याला साऱ्या देशाशी एकदम बोलायचे होते. स्वप्नातल्या रामाला मात्र तिच्याकडचेच ताक हवे होते. इथे कोणी कोणाचा कब्जा घेतला? सागरांच्या स्टुडिओतून उसना आणलेला तो चेहरा आईने आपल्या घरच्या कामाला लावला होता.

स्वप्नांबद्दल म्हणूनच मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती स्वप्न सांगण्याच्या भाषेबद्दल.

अमेरिकेत १९४२ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले गेले की तुम्हाला स्वप्नात रंग दिसतात का. सुमारे ७० टक्के मुलांनी क्वचित किंवा कधीच नाही, असे सांगितले. एरिक श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञाने साठ वर्षांनी तीच प्रश्नावली पुन्हा विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा तसे म्हणणारे १८ टक्क्यांच्या आसपास उरले होते. २००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात एव्हा मुर्झिन यांनी केलेल्या अभ्यासातही, कृष्णधवल पडद्यासमोर वाढलेले वयस्क लोक तरुणांपेक्षा कितीतरी अधिक वेळा बिनरंगी स्वप्ने पडल्याचे सांगत होते. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ लावला की टीव्हीने स्वप्नांचा रंग बदलला. श्विट्झगेबेलची शंका याहून खोल आणि आपल्या कामाची आहे. ॲरिस्टॉटलपासून फ्रॉइडपर्यंत कोणाला स्वप्ने बिनरंगी असल्याचे सुचले नव्हते. मग मधल्याच काही दशकांतल्या माणसांची स्वप्ने खरोखर विटली होती, की स्वप्न म्हणजे सिनेमा अशी तुलना मनात ठेवून ती माणसे आपल्याच स्वप्नाबद्दल चुकीची साक्ष देत होती? कदाचित स्वप्न रंगीतही नसेल आणि कृष्णधवलही नसेल, कादंबरीतल्या खोलीच्या भिंतींना लेखकाने न सांगितलेला रंग जसा असतो आणि नसतो, तसे. मानसशास्त्रज्ञही या मोहातून सुटलेले नाहीत. बर्ट्राम ल्यूइन याने १९४६ मध्ये प्रत्येक स्वप्नामागे एक कोरा पडदा असतो असा सिद्धांत मांडला, आणि त्या पडद्याचे नाव सिनेमाकडूनच घेतले.

मी हे वाचले तेव्हा माफक हसले, कारण दरम्यान माझीही चोरी पकडली गेली होती. ते स्वप्न मी ताईला फोनवर सांगितले तेव्हा "सगळं जुन्या टीव्हीसारखं ब्लॅक अँड व्हाईट होतं गं," असे म्हणाले होते. ती म्हणाली, "आपल्या टीव्हीला तो रंगीत प्लास्टिकचा कागद होता की! वर निळा, खाली हिरवा." होता. ज्यांना रंगीत संच परवडत नसे ते तसा तीन पट्ट्यांचा कागद आणून लावत. माणूस उभा राहिला की त्याचे डोके निळे आणि पाय हिरवे. स्वप्नात तो कागद होता की नव्हता? आता मला सांगता येत नाही. 'ब्लॅक अँड व्हाईट' हे मी पाहिलेले नव्हते. गतकाळासाठी तो शब्द वापरायची आपल्याला सवय आहे, म्हणून वापरला होता.

हीच गोष्ट वर्गात रोज घडते. सर्जनशील लेखनाच्या तासाला मी मुलांना स्वप्न लिहायला सांगते आणि वहीत पटकथा येते: 'कट टू', 'स्लो मोशन', 'मागे सतारीचे सूर'. एका मुलाने 'लाँग शॉट: नांगरलेले शेत' अशी सुरुवात केली होती. मी विचारले, तू कुठे होतास? म्हणाला, शेतातच होतो, पायाला चिखल लागला होता. मग लांबून कोण बघत होते? बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "कुणीच नाही मॅडम, पण तसं लिहितात ना." हा मुलगा प्रामाणिक होता. प्रकाशित कथांतली स्वप्ने मी याच प्रश्नाने तपासू लागले तेव्हा बऱ्याच मान्यवरांची तेवढी तयारी दिसली नाही. स्वप्नात आपण एकाच वेळी पाहणारे आणि चिखलात रुतलेले असतो. तिथे कॅमेरा ठेवायला जागाच नसते. कॅमेऱ्याची भाषा आली की चिखल जातो, तूप जाते, ताक जाते, आणि दृष्ट तेवढे शिल्लक राहते. याचा दोष दूरदर्शनवर टाकून आम्ही मराठीचे शिक्षक मोकळे होतो. 'तसं लिहितात' हे त्या मुलाला शिकवले कोणी, हे मात्र विचारत नाही. क्रमिक पुस्तकातल्या स्वप्नप्रसंगांवर 'चित्रदर्शी शैली' असा शेरा मारून गुण देणारे आम्हीच.

मुलांच्या हातात आता फोन आहे, प्रत्येकाचा वेगळा. एकाच चित्रासाठी वीस माणसे सतरंजीवर बसण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आलेला नाही. त्यांना त्या फोनची स्वप्ने पडत असतील तर ती कशी असतात, हे मला खरोखर ऐकायचे आहे. चार्जर सापडत नाही, हाक मारली तरी समोरचा मान वर करत नाही, असे काहीतरी असेल. की आणखी काही, जे माझ्या वयाच्या माणसाला सुचणार नाही.

ताईचा तो फोन मात्र रंगीत कागदावर संपला नव्हता. स्वप्नात मला उत्तर देता येत नव्हते याचा मी तिला मोठा अर्थ सांगत होते: वियोग, संदेह, चित्र आणि आभास यांतली पुसट सीमा वगैरे. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "अगं, तू खरंच सांगायची नाहीस. चित्र आलं की तू बघत बसायचीस. आणि अण्णा वर उन्हात, आलं का, आलं का, करत. शेवटी मीच जाऊन सांगायचे."