उणे ४० आणि सर्जरीची जागा

२०२५च्या पदव्युत्तर वैद्यकीय ‘नीट’चा कटऑफ राखीव गटांसाठी उणे ४०वर आणल्यापासून आपल्या वृत्तपत्राच्या पत्रस्तंभात ‘आता उणे गुणांचे डॉक्टर आपली पोटं कापणार’ अशा थाटाची पत्रं येत आहेत. सोमवारच्या अंकात तर दोन होती, दोन्ही पुण्याची.

या मंडळींना एकच विचारतो. उणे ४० गुण घेऊन सरकारी कॉलेजात सर्जरी मिळवलेला एक तरी मुलगा दाखवा! कटऑफ म्हणजे नुसती रांगेत उभं राहायची परवानगी. रेडिओलॉजी, मेडिसिन, सर्जरी यांच्या बहुतेक जागा पुढच्या रँकवाल्यांनी पहिल्या फेऱ्यांतच उचललेल्या असतात. देशभर १८ हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या म्हणून दार उघडलं. त्यात भरणा ॲनाटॉमी-बायोकेमिस्ट्रीचा आणि खासगी कॉलेजांतल्या अशा जागांचा, ज्यांची फी ऐकूनच भूल चढावी. आणि उणे ४०वाला असो की ६००वाला, एमबीबीएस दोघंही झालेलेच असतात. पुढे एमएसची परीक्षाही दोघांना तीच द्यावी लागते.

माझा पुतण्या जुन्याच कटऑफमध्ये, खुल्या गटाच्या २७६च्या थोडा वर बसला होता. तेव्हा सर्जरी मिळाली नाही. आता तोच कटऑफ १०३ झाला म्हणून मिळणार नाही. पोरगा फार हुशार आहे असं काका असूनही मी म्हणणार नाही. साडेतीन तासांत दोनशे प्रश्न, चुकला की एक गुण वजा, या खेळात तो कच्चाच. पण हात चांगला. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष त्यानं गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. तिथे एकदा मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला अस्वलानं धरलं. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोललेली, केसांत माती नि पालापाचोळा, त्यात लाइट गेलेली. सिस्टरनं मोबाइलचा टॉर्च धरला. यानं सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतून जखम धुतली, वाहणाऱ्या नसा एकेक करून बांधल्या, कातडी जागेवर बसवून पट्टी आवळली आणि बाईला १०८ रुग्णवाहिकेत घालून गडचिरोलीला पाठवलं. बाई वाचली. तेव्हापासून पोराच्या डोक्यात सर्जरीशिवाय दुसरं काही नाही. घरचे म्हणतात, मिळेल ती ब्रँच घे आणि मोकळा हो. तो आणखी एक ड्रॉप घेऊन बसलाय.

परीक्षेत अशा कामाचे गुण नसतात, आणि ते मोजणार तरी कसे, हे मलाही कळतं. पण मग दुसरी एखादी वाट तर ठेवा. राज्यानं सेवेतल्या डॉक्टरांसाठी २० टक्के जागा ठेवल्या, २०२२ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयातही टिकल्या. चांगलंच झालं. पण वर्षभराच्या बाँडवाल्याला त्याचा काय उपयोग? बाँड मोडला तर १० लाख भरा, पाळला तर प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा.

खरा राग आहे तो पुढेच. राष्ट्रीय परीक्षा मंडळानं २०२० मध्ये दोन वर्षांचे डिप्लोमे सुरू केले. जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी शिकवून तिथेच कामाला येतील असे डॉक्टर घडवायचे, ही कल्पना उत्तम. सुरुवातीचे विषय आठ. भूल आहे, स्त्रीरोग आहे, बालरोग, डोळे, कान-नाक-घसा, क्षयरोग, रेडिओलॉजी, फॅमिली मेडिसिन, सगळं आहे. सर्जरी नाही! म्हणजे आमच्या जिल्ह्यांत भूल देणारा तयार करायचा, कापणारा मात्र नागपूरहून येईल. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या रुग्णालयात बाहेरगावचे सर्जन येऊन शिबिरं घेतात, त्यांचे उपकारच आहेत. पण फुटलेलं अपेंडिक्स शिबिराच्या तारखेची वाट बघत नाही. हेमलकशात डॉ. प्रकाश आमटेंनी १९७३पासून जे केलं त्यावरचा सिनेमा पाहून आपण डोळे पुसले. आता त्याच तालुक्यांत राहून शिकायला तयार असलेल्या पोराला शिकवायला मात्र आपल्याकडे जागा नाही.

चंद्रपूरला २०१५पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४मध्ये झालं. या दोन ठिकाणी सर्जरीच्या काही जागा इथल्या आरोग्य केंद्रांत राबलेल्यांसाठी ठेवा. त्यांच्याकडून पाच काय, सात वर्षांचा बाँड लिहून घ्या. रँक खालची असेल तर राहू दे; शेवटच्या परीक्षेत नापास झाला तर खुशाल घरी पाठवा.

जाता जाता रस्त्याचंही लिहितो. सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याचे काय हाल केले ते या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सर्जन इथे द्यायचा नाही आणि रुग्णाला न्यायचा रस्ताही धड ठेवायचा नाही, असं दोन्हीकडून कसं चालेल? खनिजातून शासनाला जे उत्पन्न मिळतं, त्यातलं या रस्त्यावर किती आणि एटापल्ली-भामरागडच्या ऑपरेशन थिएटरांवर किती खर्च झालं, याचा तालुकावार हिशेब पालकमंत्र्यांनी आपल्याच वृत्तपत्रातून जाहीर करावा.

— एक निवृत्त शिक्षक, मूल (जि. चंद्रपूर)