समीक्षकाचे अभय, साक्षीदाराचे भय

शहापूर-मुरबाड पट्ट्यातील कातकरी-ठाकरांच्या वेठीच्या, उचलीच्या आणि वीटभट्टीवरील हंगामांच्या कहाण्या छापून येतात, तेव्हा त्यांवर एक ठरावीक आक्षेप घेतला जातो. त्यांत 'एक सावकार', 'एक भट्टीमालक' असतो. नाव नसते, गाव नसते. म्हणून अनुभव विशिष्टतेपर्यंत पोचत नाही. हा आक्षेप वाङ्मयीन भासतो. वस्तुतः तो कायद्याच्या अज्ञानातून आलेला आहे, आणि तोही अशा वर्गाकडून, ज्याला त्याच कायद्याने अभय दिले आहे.

भारतीय दंडसंहितेच्या कलम 499 च्या सहाव्या अपवादाने ग्रंथपरीक्षणाला संरक्षण दिले. त्याखालील उदाहरणे समीक्षाशास्त्राच्या अभ्यासक्रमात लावावीत अशी आहेत. पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, असे सद्भावपूर्वक म्हणता येते. लेखक दुबळा व स्वैराचारी, म्हणून पुस्तक असे निपजले यात नवल नाही, असे मात्र म्हणता येत नाही. संहितेकडून लेखकाकडे जाण्यास मुभा, उलट प्रवासास मनाई! चरित्रात्मक समीक्षेचा निकाल 1860 सालीच लागला होता. मराठीत त्यावर पुढे शंभर वर्षे वाद घालण्यात आला.

तक्रारदारासाठी आठवा अपवाद आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावपूर्वक केलेला आरोप बदनामी ठरत नाही. म्हणजे वेठबिगारीची तक्रार मुरबाडच्या तहसीलदाराकडे केली तर संरक्षण. तेच वाक्य, त्याच नावासह, पुस्तकात आले की हे कवच गळून पडते. मग सत्य व लोकहित, किंवा सद्भाव, सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. उचलीचा हिशेब असतो मालकाच्या वहीत. अंगठा देणाऱ्याने पुरावा कोठून आणावा? विधिमंडळात बोलणाऱ्या आमदाराला संविधानाच्या अनुच्छेद 194 चे पूर्ण संरक्षण आहे. न्यायालयात जबानी देणाऱ्याला मात्र फौजदारी कायद्यात निरपवाद विशेषाधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1920 च्या दशकातच ठरविले. आठव्या अपवादाची उदाहरणेही बोलकी आहेत. दंडाधिकाऱ्यापुढील आरोपाखेरीज त्यांत नोकराची मालकाकडे आणि मुलाची बापाकडे तक्रार आहे. मालकाविरुद्ध नोकराची तक्रार उदाहरणादाखलही सुचलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हे कलम वैध ठरविले आणि 1 जुलै 2024 पासून ते आपल्या अपवादांसह भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये नांदते आहे.

नाव बदलून लिहावे, हा सल्ला फुकाचा आहे. माणूस ओळखू येत असेल तर बदललेले नावही वाचवीत नाही, आणि चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यात कोण ओळखू येत नाही?

लेखकाने किंमत मोजावी, असे म्हणणारे टिळक-आगरकरांकडे बोट दाखवितात. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात 1882 मध्ये दोघांना अब्रूनुकसानीबद्दल शिक्षा झाली. आगरकरांनी डोंगरीच्या 101 दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यांच्यामागे 'केसरी' होता, शाळा होती, पुण्यातला सुशिक्षित वर्ग होता. भट्टीवरच्या मजुराचे 101 दिवस म्हणजे अर्धाअधिक हंगाम. तेवढ्या दिवसांची उचल त्याच्या अंगावर तशीच राहते, आणि ती फेडायला भट्टीवर त्याची बायको उभी राहते.