आपलं पत्र कुठं कापलं?

गाववाल्यांनो, आपल्या पाड्याचं चार पानी पत्र एका पेपरात आलं. आठच ओळी, वर मथळा 'वनजमिनीवर अतिक्रमण'!

पेपरात जागा थोडी, पत्रं ढीगभर. संपादक लांब पत्र कापणार, ते समजतं. पण कापलं काय? '1980 च्या आधीपासून कसतो, दंडाच्या पावत्या आहेत,' नेमकी हीच ओळ. वनसंवर्धन कायदा 1980 चा, आपला सगळा दावा त्या ओळीवर. ती गेली की आपण चोर!

म्हणून ती ओळ पहिलीच लिहा. पत्र पंधरा ओळींत, कागदाच्या एकाच बाजूला, खाली नाव-गाव-सही. गार्डची भीती वाटली तर 'नाव छापू नये' असं लिहा, पण नाव द्याच. निनावी पत्र टोपलीत जातं. नक्कल ठेवा.

आपलं पुरं पत्र मागच्या पानावर छापलंय.